सायकलच्या हँडलला चामडे: बेताच्या खर्चात गुंडाळावे, शिवावे की तयार पट्टी घ्यावी?

सायकलच्या हँडलवर चामडे चढवण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी परदेशी बनावटीची तयार पट्टी पाहतात, तिची किंमत ऐकून मागे हटतात आणि रेक्झिनवर समाधान मानतात. या दोन टोकांच्या मध्ये दोन चांगले मार्ग आहेत: कमावलेल्या कातड्याच्या लांब पट्ट्या कापून त्या गुंडाळणे, किंवा हँडलच्या मापाचा सपाट तुकडा कापून तो हँडलवरच शिवून टाकणे. पुण्याच्या रस्त्यांवर, पुण्याच्या उन्हात आणि पावसात सायकल चालवणाऱ्याने यांपैकी काय निवडावे, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. पैसे वाचवायचे असतील तर शिवण्याच्या पर्यायाला आज मिळते त्यापेक्षा पुष्कळ अधिक महत्त्व मिळायला हवे; मात्र तो प्रत्येक सायकलला आणि प्रत्येक चालवणाऱ्याला मानवत नाही, आणि ज्यांना मानवत नाही त्यांनी चामड्याचा नाद सोडलेलाही बरा.

आधी हँडल मोजावे

हँडलचा प्रकार कोणता आहे यावर निम्मा निर्णय होतो. शर्यतीच्या सायकलला असते ते खाली वळलेले ड्रॉप हँडल धरायच्या भागात साधारण 24 मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्याचा घेर सुमारे 75 मिलिमीटर भरतो. एमटीबी (माउंटन बाइक) आणि हायब्रिड सायकलींच्या सरळ हँडलचा व्यास 22.2 मिलिमीटर असतो आणि घेर 70 मिलिमीटर. जुन्या काळ्या सायकलींची हँडले या दुसऱ्या मापाच्या जवळपास असतात, पण तिथे अंदाजावर न जाता कागदाची पट्टी गुंडाळून घेर प्रत्यक्ष मोजावा.

आता चामडे किती लागते ते पाहू. ड्रॉप हँडलच्या एका बाजूची, टोकापासून मधल्या जाड भागापर्यंतची लांबी वळणासकट साधारण 55 सेंटिमीटर धरता येते. 30 मिलिमीटर रुंदीची पट्टी एक तृतीयांश भाग आधीच्या वेढ्यावर येईल अशा बेताने गुंडाळली, तर प्रत्येक वेढ्यात आपण फक्त 20 मिलिमीटर पुढे सरकतो आणि एका वेढ्याला सुमारे 8 सेंटिमीटर पट्टी खर्च होते. म्हणजे एका बाजूला सव्वादोन मीटरच्या आसपास पट्टी लागते आणि दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ दीड चौरस फूट चामडे होते. हेच काम शिवून केले तर एका बाजूला 55 सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद एवढाच तुकडा लागतो आणि दोन्ही बाजूंचे काम एका चौरस फुटाच्या आत आटोपते. सरळ हँडलच्या मुठींना तर 13 बाय 7 सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात, जे चौरस फुटाच्या पाचव्या हिश्शाएवढे असतात आणि जुन्या पर्समधूनही निघतात.

खर्चाच्या दृष्टीने क्षेत्रफळापेक्षाही तुकड्याची लांबी महत्त्वाची ठरते. गुंडाळण्यासाठी दोन मीटरची पट्टी सलग हवी असते आणि बकऱ्याच्या कातड्यातून ती निघतच नाही, कारण त्या कातड्याची एकूण लांबी मीटरभराच्या आतच असते. त्यामुळे एका बाजूला निदान दोन-तीन जोड द्यावे लागतात. शिवण्याच्या पद्धतीत ही अडचण येत नाही. ड्रॉप हँडलवर ब्रेकचा दांडा मध्ये येतोच, त्यामुळे वेष्टन त्याच्या खाली एक आणि वर एक असे दोन भागांत करता येते आणि त्यांचा सांधा ब्रेकच्या रबरी आवरणाखाली झाकला जातो. म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर लांबीचे तुकडेही चालतात, आणि एवढे तुकडे बॅगा शिवणाऱ्याकडच्या कातरणांत हमखास सापडतात.

तयार पट्टी कोणी घ्यावी

चामड्याच्या तयार पट्टीचे सर्वांत जुने आणि प्रतिष्ठेचे नाव ब्रूक्सचे आहे. 1866 मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेली ही कंपनी तिच्या चामडी खोगिरांमुळे जगभर ओळखली जाते. अशा पट्टीची जाडी सर्वत्र सारखी असते, तिच्यावर बारीक भोके पाडलेली असतात, टोकाला बसवायची बुचे सोबत मिळतात आणि तास-दीड तासात काम होते. भारतात तिची किंमत काही हजारांत जाते, आणि ज्या सायकलची किंमतच दहा-पंधरा हजार आहे तिच्यावर एवढा खर्च करणे मला पटत नाही. ज्याच्याकडे त्याच रंगाचे चामडी खोगीर आधीपासून आहे, ज्याला रंग जुळायलाच हवा आहे आणि ज्याच्या हाताला चामड्याला भोके पाडायची आरी धरण्याची सवय नाही, त्याने ती खुशाल घ्यावी. इतरांना तेवढ्या पैशांत बकऱ्याचे अख्खे कातडे, सगळी हत्यारे आणि चुकल्यास दुसऱ्यांदा करण्याइतका माल मिळू शकतो.

दुसऱ्या टोकाला रेक्झिन आहे. कापडावर पीव्हीसी किंवा पीयू या प्लास्टिकचा थर देऊन केलेला हा माल मीटरवर मिळतो, मोटारसायकलच्या सीट कव्हरच्या दुकानांत त्याचे उरलेले तुकडे जवळपास फुकट मिळतात आणि नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात त्याचे रंग नि पोतही भरपूर आहेत. पण हाताखाली तो चामड्यासारखा वागत नाही. पीव्हीसी घाम शोषत नाही आणि उन्हात काही काळाने चिकट होत जातो. पीयूचा थर दमट हवेत हळूहळू विघटन पावतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या सोफ्यांच्या हातांवर हे सगळ्यांनी पाहिले आहे. रेक्झिनवर शिवणकामाचा सराव जरूर करावा. सायकलवर कायमचे बसवण्यासाठी मात्र मी त्याची शिफारस करणार नाही.

तिसरा पर्याय चामड्याचा नाही, तरी त्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ईव्हीए या स्पंजासारख्या प्लास्टिकच्या फोमची साधी पट्टी पाचशे रुपयांच्या अलीकडे-पलीकडे मिळते, ती हलकी असते, खड्ड्यांचे धक्के चामड्यापेक्षा चांगले शोषते, भिजली तरी तिचे काही बिघडत नाही आणि खराब झाली की फेकून देताना जीव तुटत नाही. जो रोज कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जातो आणि जून ते सप्टेंबर एकही दिवस चुकवत नाही, त्याला यापेक्षा योग्य दुसरे काही नाही.

चामडे कोणते घ्यावे

कातडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि आपल्या कामासाठी त्यांतला फरक प्राण्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. वनस्पतींच्या सालींत नि फळांत असलेल्या टॅनिनने कमावलेले कातडे ताठ, घट्ट आणि तांबूस तपकिरी असते. कोल्हापुरी चपलांचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून असेच कमावले जाते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ, लवचीक आणि पाण्याला अधिक सहनशील असते. जॅकेटे, हातमोजे आणि बहुतेक पर्स याच कातड्याच्या असतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कापलेली कड पाहणे. वनस्पतींनी कमावलेले कातडे आरपार तपकिरी दिसते, तर क्रोमच्या कातड्यात मधला भाग बहुधा निळसर-राखी असतो.

वनस्पतींनी कमावलेले कातडे ओले करून ताणले तर वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते, उन्हाने नि हाताच्या तेलकटपणाने गडद होत जाते आणि वर्षागणिक अधिक देखणे दिसते. चामड्याची हौस असणाऱ्याला हवे असते ते हेच. पण ते भिजून वाळले की कडक होते, त्यावर पाण्याचे डाग उमटतात आणि लोखंडाशी त्याचे वैर आहे. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, तसेच ओले टॅनिनयुक्त कातडे गंजलेल्या लोखंडाला टेकले की काळे पडते आणि तो डाग निघत नाही. जुन्या काळ्या सायकलींचे हँडल पोलादाचे असते आणि त्यावरचा क्रोमचा मुलामा बहुधा उडालेला असतो, त्यामुळे अशा सायकलवर हे कातडे थेट चढवू नये. आधी गंज घासून काढावा, रंगाचा किंवा स्वच्छ एनॅमलचा एक हात द्यावा आणि त्यावर कापडी टेप गुंडाळावी. अॅल्युमिनियमच्या हँडलला काळा डाग पडण्याची भीती नसते, पण घामातील मीठ त्यालाही खातेच. कापडी टेपचा थर तिथेही हवा.

प्राण्यांचा विचार केला तर या कामाला बकऱ्याचे कातडे सर्वांत योग्य ठरते. ते पातळ असूनही चिवट असते आणि वळणावर ताण देता येईल इतके लवचीक असते. मेंढीचे कातडे हाताला अधिक मऊ लागते, पण टाके ओढताना भोकाशी फाटते, म्हणून शिवणकामाला ते टाळावे. म्हशीचे कातडे मजबूत आणि आकाराने मोठे असते, त्यातून दोन मीटरची सलग पट्टीही निघते, मात्र ते जाड असल्यामुळे यंत्रावर तासून पातळ केलेले घ्यावे लागते. राज्यात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि 2015 पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने इथल्या बाजारात बकरा आणि म्हैस यांचाच माल प्रामुख्याने दिसतो. आपल्याला त्याने काही अडत नाही. गुंडाळण्यासाठी सुमारे 1 मिलिमीटर जाडी पुरे, कारण वेढे एकमेकांवर चढतात तिथे ती दुप्पट होते. शिवण्यासाठी 1.4 मिलिमीटरपर्यंत चालते. त्याहून जाड कातडे वळणाच्या आतल्या बाजूला चुण्या पाडते.

पुण्यात माल कुठे शोधावा

चामडे चौरस फुटाच्या भावाने मिळते, पण दुकानदार सहसा अख्खे कातडे घ्यायला लावतात आणि बकऱ्याचे कातडे चार-पाच चौरस फुटांचे असते. म्हणजे दीड फुटाच्या कामासाठी पाच फुटांचे पैसे जातात. यावरचा उपाय म्हणजे दोघातिघांनी मिळून एक कातडे घेणे. शिवून केले तर एका कातड्यात तीन-चार सायकली सहज होतात. पेठांमध्ये चपला-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे आणि पर्स-बॅगा तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यांकडे आधी चौकशी करावी. मुंबईला जाणे होणार असेल तर धारावीत चामड्याच्या व्यवसायाची मोठी वस्ती आहे आणि निवडीला तिथे अधिक वाव मिळतो, पण फक्त एका हँडलसाठी मुंबई गाठण्यात अर्थ नाही.

याहून स्वस्त आणि मला अधिक आवडणारा मार्ग जुन्या वस्तूंचा आहे. मंगळवार पेठेलगत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेली चामडी जॅकेटे कधी कधी मिळतात. अशा जॅकेटच्या बाहीत हँडलच्या शिवणकामाला अगदी बेताचा लांब तुकडा असतो, कातडे आधीच मऊ झालेले असते आणि जाडीही बहुधा 1 मिलिमीटरच्या आत असते. विकत घेताना ते खरे चामडे आहे का हे नीट पाहावे. आतल्या शिवणीजवळ कापलेली कड दिसते. तिथे कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन आहे आणि गुंतागुंतीचे तंतू दिसले तर चामडे. कडेचा एखादा धागाभर तुकडा जाळून पाहिला तर चामड्याला केस जळल्यासारखा वास येतो, रेक्झिन मात्र वितळून गोळा होते. काखेचा आणि कोपराचा भाग घेऊ नये, तिथले कातडे ताणून अशक्त झालेले असते. कमरेचे जुने पट्टे या कामाचे नाहीत: चांगले पट्टे फार जाड असतात आणि स्वस्त पट्टे चामड्याचा भुगा चिकटवून केलेले असतात.

गुंडाळणे आणि शिवणे: कामातला फरक

गुंडाळण्याचे कौशल्य लवकर येते. पट्ट्या स्टीलच्या पट्टीला धरून नव्या पात्याने एका दमात कापाव्यात, दोन्ही लांब कडा आतल्या बाजूने रापीने (चामडे तासायच्या सुरीने) तासून पातळ कराव्यात, म्हणजे वेढ्यावर वेढा येतो तिथे पायरी जाणवत नाही. जोड द्यायचा असेल तर दोन्ही टोके दीड सेंटिमीटरपर्यंत तिरकी तासून, चप्पल-बुटांच्या कामात वापरतात त्या रबरी चिकट द्रव्याने जोडावीत आणि तो जोड हँडलच्या खालच्या बाजूला येईल असे पाहावे. गोल तुकड्यातून चक्राकार कापत लांब पट्टी काढण्याची युक्ती वादीसाठी (चामड्याच्या बारीक दोरीसाठी) उत्तम असली, तरी 30 मिलिमीटरच्या रुंद पट्टीला ती चालत नाही; अशी पट्टी एका कडेला सैल पडते आणि वेढे नीट बसत नाहीत. हँडलच्या टोकापासून सुरुवात करून मध्याकडे जावे आणि शेवट दोऱ्याच्या घट्ट वेढ्यांनी बांधावा.

शिवण्याच्या कामात वेळ भोके पाडण्यात जातो. तुकड्याची रुंदी घेरापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवावी, म्हणजे टाके ओढल्यावर दोन्ही कडा ताणून एकमेकींना भिडतात आणि वेष्टन फिरत नाही. कडेपासून 3 मिलिमीटर आत, दर 5 मिलिमीटरवर एक भोक धरले तर ड्रॉप हँडलच्या दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 440 भोके होतात. ती सारख्या अंतरावर पडली नाहीत तर शिवण पिळवटलेली दिसते, म्हणून काटेरी पंच घ्यावा किंवा कागदावर खुणा करून तो कागद चामड्यावर चिकटवावा. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा घामाने कुजतो. शिवणीच्या लांबीच्या पाच-सहापट दोरा घेऊन दोन बोथट सुयांनी दोन्ही कडांतून आलटूनपालटून फुली टाका घालत जावे. शिवण हँडलच्या खालच्या अंगाला आणि वळणावर आतल्या बाजूला ठेवावी, कारण तळहात तिथे टेकत नाही. कातडे आधी ओलसर करून घेतले तर वळणावर ते पुष्कळ सोपे जाते. सरळ हँडलला मुळात वळण नसल्यामुळे हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यालाही एका संध्याकाळी जमते. ड्रॉप हँडलला शनिवार-रविवार मोकळे ठेवावेत.

हे काम चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनही करून घेता येते, आणि ज्याला भोके पाडण्याचा कंटाळा आहे त्याने अवश्य तसे करावे. त्यांच्या हाताला आरीची जी सवय असते ती आपल्याला वर्षभरातही येणार नाही. मजुरी आधी ठरवावी, पण घासाघीस करू नये: 440 भोकांचे आणि टाक्यांचे काम चपलेच्या अंगठ्याला दोन टाके घालण्यासारखे नाही. हँडल सायकलवरून काढून न्यावे लागत नसले तरी सायकल दिवसभर तिथे उभी ठेवण्याची तयारी हवी.

दोन पद्धतींतला सर्वांत मोठा फरक मात्र पुढे कधीतरी जाणवतो, आणि तो ब्रेकच्या केबलींमुळे. आजच्या बहुतेक ड्रॉप हँडलांवर ब्रेकची, आणि पुष्कळदा गिअरचीही, केबल वेष्टनाच्या खालून जाते. आतली तार बदलायची असेल तर वेष्टन उघडावे लागत नाही. बाहेरचे आवरण बदलायचे असेल तर उघडावेच लागते. गुंडाळलेली पट्टी सोडून पुन्हा गुंडाळता येते. शिवलेले वेष्टन टाके कापूनच निघते आणि ताणलेली भोके पुन्हा तशीच घट्ट बसतील याची खात्री नसते. म्हणून शिवण्याआधी केबलींची आवरणे नवी घालावीत. ज्याला हँडलची उंची, दांड्यांची जागा असे काही ना काही सतत बदलून पाहण्याची सवय आहे, त्याने शिवण्याच्या वाटेला न गेलेले बरे. सरळ हँडलला हा प्रश्नच नाही, तिथे केबली बाहेरूनच जातात.

धक्क्यांच्या बाबतीतही दोन्हींत फरक आहे. गुंडाळलेले चामडे दुहेरी होत जात असल्याने थोडी गादी तयार होते, शिवलेले मात्र हँडलला त्वचेसारखे चिकटून बसते आणि गल्लोगल्लीचे गतिरोधक थेट मनगटापर्यंत पोचवते. त्यासाठी जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या किंवा जुनी फोमची पट्टी खाली गुंडाळावी. घेर मात्र हा थर चढवल्यानंतर मोजावा; दीड मिलिमीटरच्या थराने घेर जवळजवळ साडेनऊ मिलिमीटरने वाढतो आणि आधी कापलेला तुकडा मग बसत नाही.

पाऊस, घाम आणि देखभाल

पुण्याचा उन्हाळा चामड्याला कोरडे करतो आणि पावसाळा बुरशी आणतो. दोन्हींची काळजी साधीच आहे. घामाचे मीठ आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसावे. भिजलेले हँडल पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवावे, उन्हात ठेवू नये. पावसात प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवू नये, तिच्या आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी दोन दिवसांत दिसू लागते. मधमाशीचे मेण असलेले बिनरंगी बूट क्रीम वर्षातून दोन-तीनदा, पातळ थरात लावले की पुरे होते. तेल ओतू नये. त्याने कातडे सैल पडते, टाके ढिले होतात आणि हात मळतात.

नवे गुळगुळीत चामडे ओल्या हाताखाली निसटते, ही गोष्ट घाट उतरताना महत्त्वाची आहे. सिंहगडावरून उतरताना हात बराच वेळ ब्रेकवर आणि खालच्या वळणावर असतात, आणि ताम्हिणीच्या बाजूला पावसात गेलात तर हातमोज्यांशिवाय गुळगुळीत चामड्यावर विसंबू नये. खडबडीत, मखमली अंगाचे चामडे वर घेतल्यास पकड सुधारते, मात्र ते मळ लवकर धरते. वापराने गुळगुळीत चामड्याचीही पकड वाढते, पण त्याला काही महिने जावे लागतात.

ज्यांना धर्माने किंवा मनाने चामडे नको आहे, त्यांच्यासाठी सुती पट्टी गुंडाळून त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे दोन-तीन हात देण्याची जुनी पद्धत आहे. खर्च सर्वांत कमी आणि रंगही तपकिरी येतो. लाख किड्यांपासून मिळते, हे मात्र त्यांनी ध्यानात ठेवावे.

कोणी काय करावे

सरळ हँडल असेल तर मला दुसरा कोणताही पर्याय सुचवावासा वाटत नाही: कातरणांतून दोन तुकडे निवडून मुठी शिवाव्यात. खर्च दोऱ्याचा नि सुयांचा, आणि काम अनेक वर्षे टिकणारे.

ड्रॉप हँडल असेल, सायकल रविवारच्या खडकवासला-सिंहगड फेरीसाठी असेल आणि पावसाळ्यात ती बहुधा घरातच राहत असेल, तर बकऱ्याचे क्रोमने कमावलेले कातडे शिवून घ्यावे. वनस्पतींनी कमावलेले कातडे घेण्याची इच्छा असेल तर याच सायकलवर ते शोभेल आणि टिकेल.

ड्रॉप हँडल आहे, पण फेरबदल सतत चालू असतात किंवा शिवणकामाची भीती वाटते, त्याने पट्ट्या गुंडाळाव्यात. त्यासाठी चामडे दीडपट लागते हे मान्य करावे आणि म्हशीचे पातळ केलेले कातडे मिळाले तर जोडांचा त्रास वाचवावा. पैसे अगदीच बेताचे असतील तर आणखी एक मार्ग आहे, जो मला फार व्यवहार्य वाटतो: हँडलच्या वरच्या सपाट भागावर, जिथे चढावर हात सर्वाधिक काळ असतात, तेवढ्यावर चामडे शिवावे आणि ब्रेकच्या खालच्या भागावर फोमची पट्टी तशीच ठेवावी. दोन्हींचा सांधा ब्रेकच्या आवरणाखाली लपतो आणि चामडे निम्म्याहून कमी लागते.

रोज पावसात सायकल बाहेर काढणाऱ्याने फोमच्या पट्टीवरच राहावे. दुसरी सायकल आली की तिच्यासाठी चामड्याचा विचार करावा.

काम दिवाळीच्या सुमारास काढणे सोयीचे पडते. हवा कोरडी झालेली असते, ओलसर करून ताणलेले कातडे एका रात्रीत वाळते आणि पुढचे सात महिने पावसाची चिंता नसते. कारागिराकडे जाणार असाल तर खालचा थर आणि नव्या केबली आधी बसवून घ्याव्यात, मग जाड कागदाचा साचा कापून तो हँडलवर गुंडाळून पाहावा आणि कडा भिडायला दोन मिलिमीटर कमी पडतात अशी खात्री झाल्यावरच तो साचा चामड्यासोबत त्यांच्या हाती द्यावा.